पावशेर बाळहिरडा

रविवार, १० ऑगस्ट २०२५. दिवसभर भुरभुर. नळाला पाणी सकाळी सव्वासहाला, पाऊण तास. सु. आणि भरत आठला मढला गेले, रामनाथच्या रानात खेळाची नवी जागा बघायला. मी एकटीच जेवले, मुगाची खिचडी. सु. सहाला परत. बूट चिखलाने भरलेले, मोरीत धुतले. येताना पावशेर बाळहिरडा आणला. थकलेला. जेवला नाही, ताक घेतलं. साडेआठला झोपला.

हा 'सु.' म्हणजे सुदर्शन, उज्ज्वलाबाईंचा एकुलता एक मुलगा. एक्केचाळीस वर्षांचा, अंगाने थोराड, आळेफाट्याच्या चौकातून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. आणि डायरी उज्ज्वलाबाईंची. पुण्याच्या कॉन्व्हेंटात सातवीत असताना एका सिस्टरने वर्गातल्या मुलींना वह्या वाटल्या होत्या आणि बजावलं होतं, जे घडलं ते वहीत लिहा, जे वाटलं ते देवाला सांगा. बाकीच्या मुलींच्या वह्या महिनाभरात रद्दीत गेल्या. उज्ज्वलाबाईंनी मात्र ती सवय सासरी आणली. यजमान पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, त्यांनी फाट्याला घर बांधलं, आणि त्या घराच्या लोखंडी कपाटात एकेका वर्षाची एकेक डायरी उभी राहत गेली. पाऊस, पाणी, भाजी, पाहुणे, कुणाला किती ताप. सुदर्शन म्हणायचा, "आई, तुझी डायरी म्हणजे पोलिसांचा पंचनामा. प्रेत कुठल्या कुशीवर होतं ते कळतं, माणूस कसा होता ते कळत नाही."

त्या हसत. त्यात काय खोटं होतं?

सुदर्शन आयटीआय करून आला आणि वायरिंगच्या कामात पडला. ट्रकच्या दिव्यांत त्याचा हात धरणारं फाट्यावर कुणी नव्हतं. नाशिकहून निघालेल्या गाडीचा दिवा वाटेत मिणमिणला तर ड्रायव्हर म्हणायचा, ढकलू कशीबशी, पुढं सुदाशेठ बघंल. तो आधी हातच लावत नसे. बोनेटपाशी कान नेऊन उभा राही, मग एकच वायर ओढून काढी आणि म्हणे, "ही बघ, उंदरानं नाष्टा केलाय."

लग्न जमलं नाही. शेत होतं, घर होतं, धंदा होता, पण मुलींना पुणं हवं होतं आणि हा फाटा सोडायला तयार नव्हता. सोळा ठिकाणी पाहण्याचे कार्यक्रम झाले. सोळाही घरच्या पोह्यांची नोंद डायरीत आहे. शेवटच्या ठिकाणाहून परत येताना तो गाडीत एवढंच म्हणाला, "पोहे मात्र पहिल्या घरचेच चांगले होते गं." पुन्हा तो विषय त्याने काढला नाही आणि त्यांनीही नाही.

यजमान गेले अकरा वर्षांपूर्वी, ऐन ऊसतोडीच्या दिवसांत. पारगावहून मोटरसायकलवर परत येत होते. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता, साधी तांबडी पट्टीसुद्धा नव्हती. सुदर्शन तेव्हा रडला की नाही, ते डायरीत नाही. पुढच्या नोव्हेंबरात मात्र तो चमकणाऱ्या तांबड्या पट्टीची गुंडाळी घेऊन पारगावच्या रस्त्यावर उभा राहिला. येईल ती ट्रॉली थांबवायची, मागचा पत्रा फडक्याने पुसायचा, पट्टी चिकटवायची आणि जा म्हणायचं. दर हंगामात तीन दिवस गॅरेज बंद, पट्ट्या चालू. पहिली पट्टी त्याने चिकटवली ती भरतच्या ट्रॉलीला.

हा भरत पारगावचा, शाळेपासूनचा मित्र. ऊस-कांद्याची शेती, तोंड सदा सैल. दुसरा सुभाष, त्याचं फाट्यावर मिसळीचं हॉटेल. आणि तिसरी हर्षाली, सुभाषची बायको, शाळेत शिक्षिका. या चौघांना गेल्या तीन वर्षांपासून एका खेळाचं वेड लागलं होतं. त्याला ते एअरसॉफ्ट म्हणत. बॅटरीवर चालणाऱ्या खोट्या बंदुका, त्यात वाटाण्याहून लहान प्लास्टिकच्या गोळ्या, तोंडावर जाळीचे मुखवटे. झाडाझुडपांत लपायचं आणि समोरच्याला टिपायचं. महिन्यातल्या एका रविवारी चौघं पुण्याच्या बाजूला एका मैदानावर जात आणि शाळेतल्या पोरांसारखे गुडघे फोडून घेऊन परत येत.

एकदा जेवताना सुदर्शनने आईला त्या खेळाचा नियम समजावला होता. गोळीचा डाग पडत नाही, त्यामुळे कुणाला लागली हे दुसऱ्याला कळत नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून 'लागली' असं ओरडायचं, खिशातलं लाल फडकं डोक्यावर टाकायचं आणि बाहेर पडायचं.

"आणि नाहीच ओरडलं तर?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं होतं.

"तर काय, खेळत राहायचं. भरत्या तेच करतो. त्याचं कातडं गेंड्याचं आहे."

"आणि तू?"

"मी तर न लागताच ओरडतो," तो हसला होता. "बाहेर बसून चहा मिळतो ना."

रामनाथ मढच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. सहा वर्षं सुदर्शनकडे कामाला होता, आता गावी परतला होता. वडिलांचं, चिमाजीचं, मालकीचं हिरड्याचं रान होतं. वैशाखात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, झोडायचा, वाळवायचा, विकायचा, एवढाच त्याचा उपयोग. बाकीचे महिने रान नुसतं उभं. तिथे हा खेळ लावावा ही कल्पना सुदर्शनची. झाड एकही तोडायचं नाही, फक्त आडोसे उभे करायचे. ऑगस्टात तो आणि भरत जागा पाहून आले. सप्टेंबरात त्याने गॅरेजच्या मागचे जुने ट्रकचे टायर टेम्पोत भरून वर पाठवले. दिवाळी झाली की पहिला खेळ, असं ठरलं.

तेवीस सप्टेंबरला, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, दुपारी पावणेचारला तो एका दहाचाकी गाडीच्या चाकाला टेकून बसला तो उठलाच नाही. फाट्यावरच्या डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली आणि उज्ज्वलाबाईंना विचारलं, "आधी कधी छातीत दुखतंय वगैरे म्हणाले होते का? घरात कुणाला?"

"नाही," त्या म्हणाल्या. "एका शब्दाने नाही."

दहाव्याला, तेराव्याला, भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. लोकही मान हलवत, "तसाच होता तो. आतल्या गाठीचा."

तेरावं झाल्यावर एका दुपारी त्यांनी कपाटातून यंदाची डायरी काढली. रोज लिहीत होत्या, पण मागची पानं उलटण्याची सवय नव्हती. आता उलटली. बारा जूनला होतं, 'सु. जेवला नाही, पित्त, ओवा दिला.' तीन जुलैला पुन्हा तेच. मग दहा ऑगस्ट, पावशेर बाळहिरडा. आणि मग:

मंगळवार, ९ सप्टेंबर. सु. म्हणाला, आई, डावा हात खांद्यापासून दुखतो, छाती भरून येते. दिवसभर टायर उचलले, त्याने असेल. बाम चोळला. हिरड्याचं चूर्ण एक चमचा, सैंधव घालून. पडवळ महाग, आणलं नाही.

अक्षर त्यांचंच, गोल, नीट, कॉन्व्हेंटातलं. त्या पानावर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या दिवसापासून उज्ज्वलाबाईंच्या मनात एकच प्रश्न घर करून बसला. तो आणखी कुणाला बोलला होता का? भरतला, सुभाषला, हर्षालीला? बोलला असेल, तर आपण एकट्याच नाही. हे मनात येणं चांगलं नाही, हे त्यांना कळत होतं. पण रात्री कूस बदलताना तेच येई. कुणीतरी दुसरं असावं.

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी भरत दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही.

"काकू, सात तारखेला मढला जातोय आमी. पयला खेळ. जागा सुद्यानं ठरवलेली, त्याच्याबिगर जायचं म्हंजी पायच उचलंना. तुमी चला. नुसतं बसून ऱ्हावा."

"मी येऊन काय करू रे?"

"रेफ्री," भरत म्हणाला. "तसा आमच्यात कुनी नसतो, पर तुमी व्हा."

सात डिसेंबरचा रविवार. फाट्यावर चांगलीच थंडी होती. सुभाषच्या गाडीत पुढे सुभाष आणि भरत, मागे हर्षाली आणि उज्ज्वलाबाई. त्यांच्या मांडीवर पोळी-भाजीचा डबा होता, आणि सवयीने सुदर्शनसकट चौघा मित्रांसाठी वेगळी भरलेली लसणाची चटणी. ओतूर मागे पडलं. उजवीकडे पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी चमकायला लागलं तशी हर्षाली म्हणाली, "भरतभाऊ, आज तरी लागली की म्हणा हं. काकू बघतायत."

"मला लागायला तुझा नेम तर पाहिजे, मास्तरीन."

"मागच्या वेळी पाठीत मारली होती."

"ती डास व्हती."

"एवढा मोठा डास?"

"पुण्याला व्हतो तवा," सुभाष समोर बघत म्हणाला, "सुदा म्हनला व्हता, भरत्याला तोफेचा गोळा लागला तरी तो इचारंल, आवाज कुठनं आला." सगळे हसले. मग हसू एकदम थांबलं. उज्ज्वलाबाईंना वाटलं, आत्ता विचारावं. पण समोर भरतची मान दिसत होती, मानेवर उन्हाने करपलेली सुरकुती, आणि त्या मानेला असं मागून विचारायला त्यांची जीभ उचलली नाही.

वाडीपाशी रामनाथ उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि उभा राहताना तोंड फिरवून डोळे पुसले. त्याची आई, लंकाबाई, पडवीत बसली होती. काटक, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट कसलेला. तिने पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.

भात कापून झालं होतं. खाचरांतून नुसती खुंटं. त्यापलीकडे चढाला हिरड्याचं रान, जाड सालीची बुटकी झाडं, मध्येच एखादा ऐन, खाली वाळलेल्या पाल्याचा थर. झाडांच्या मधोमध टायर रचून आडोसे केले होते, कुठे तीन, कुठे पाच. रामनाथ उज्ज्वलाबाईंना दाखवत पुढे चालला. "आई, ह्यो किल्ला. त्यो तिकडं दुसरा. मधी वघळ हाय, त्यातनं वाकून जायाचं. दादांनी कागदावर काढून दिलं व्हतं, तसंच केलं, इंचभर हलवलं न्हाई."

उज्ज्वलाबाई एका टायरपाशी थांबल्या. त्याच्या बाजूवर पिवळ्या रंगाने आकडा काढला होता, १४. चारचं शेपूट उगाच लांब ओढलेलं. शाळेत असल्यापासून सुदर्शन चार तसाच काढायचा. त्या पुढच्या टायरकडे गेल्या. ९. त्यापुढचा २१. प्रत्येकावर आकडा, म्हणजे कोणता कुठे रचायचा ते कळावं. हे टायर त्याने एकेक करून टेम्पोत चढवले होते. नऊ सप्टेंबरला. त्यांच्या हाताला अजून त्या बामाचा वास आठवत होता.

खेळ सुरू झाला. सुदर्शनच्या जागी रामनाथ उभा राहिला, म्हणजे दोघांविरुद्ध दोघं. उज्ज्वलाबाईंना चढावर एका सपाट दगडावर बसवलं होतं, डोळ्यांना चष्मा देऊन, चुकून गोळी आली तर. शेजारी लंकाबाई उकिडवी बसली.

"दिवाळीत वाघबारशीला आमची पोरं आशीच पळत्यात," लंकाबाई म्हणाली. "एकाला वाघ करायचा, बाकीच्यांनी मागं लागायचं. 'शिवारी येशील का' म्हनून इचारायचं. त्यो म्हनतो, न्हाय येनार. मग सोडायचा."



खाली पाला खसखसत होता. बंदुकांचा आवाज म्हणजे शिवणयंत्राचा असतो तसा. सुभाष ओरडला, "लागली!" आणि लाल फडकं डोक्यावर टाकून निमूट बाहेर आला. आता एका बाजूला भरत एकटा. तो ओघळीतून वाकून येत होता. वरून उज्ज्वलाबाईंना सगळं दिसत होतं. हर्षाली ऐनाच्या बुंध्यामागे, भरतची पाठ तिच्यापासून दहा पावलांवर. ती उठली, नेम धरला. कोटाच्या पाठीवर गोळी आपटल्याचा टप्प असा आवाज वरपर्यंत आला. भरत थांबला. क्षणभरच. आणि मग पुढे चालायला लागला.

"भरतभाऊ! लागली!"

"न्हाई."

"मी डोळ्यांनी पाहिली!"

"आगं न्हाई म्हनलं ना!" तो वळला आणि इतक्या मोठ्याने ओरडला, की हर्षालीने बंदूक खाली केली. तिने मुखवटा काढला. तिचा चेहरा लाल झाला होता. "सुदा असता तर असा खोटेपणा..." म्हणता म्हणता ती थांबली. भरतनेही मुखवटा काढला, टायरावर फेकला आणि तरातरा चढ चढून वर आला. उज्ज्वलाबाईंपासून दोन हातांवर जमिनीवर बसला, पाठ त्यांच्याकडे करून.

बराच वेळ तो हिरड्याची वाळकी काडी मोडत राहिला. काडीचे आता आणखी तुकडे होईनात.

"काकू," तो म्हणाला, "मला येक सांगायचंय. दोन महिने झालं, घशाखाली घास जात न्हाई."

उज्ज्वलाबाई दगडावर पुढे सरकून बसल्या.

"ऑगस्टात आमी आलो व्हतो ना, तवा हितंच. ह्याच दगडापाशी. सुद्या चढता चढता बसला. पाऊस व्हता, तरीबी घाम कळला मला. छातीवर हात ठिवून म्हनला, भरत्या, हितं आत कुनीतरी पाना आवळतंय रं. मी काय म्हनावं? मी म्हनलं, मिसळ कमी खा सुभाषची. हसलो, काकू. फोटो काढला त्याचा."

त्याने फोन काढला. अंगठ्याने मागे सरकवत फोटो शोधला. फोटोत सुदर्शन याच दगडावर बसलेला, रेनकोटचं टोपडं मागे पडलेलं, केस कपाळाला चिकटलेले, उजवा हात छातीवर. हसत होता. फोटोखाली भरतने लिहिलं होतं, 'आमचा म्हातारा दमला.' त्यावर सुभाषचे हसरे चेहरे, हर्षालीचे हसरे चेहरे. आणि सुदर्शनचाही एक.

"मी म्हनलं, डाक्टरकडं जाऊ. येकदाच म्हनलं. तर म्हनला, आईला बोलू नको, ती डायरीत लिहील आन् मग रोज तेच वाचत बसंल. मी म्हनलं, बरं. गप बसलो. तुमी दहाव्याला सगळ्यांना सांगत व्हता, कुनाला येका शब्दानं बोलला न्हाई, आन् मी तिथं पिंडापाशी उभा. मला बोलला व्हता, काकू. मला."

उज्ज्वलाबाईंना जे हवं होतं ते मिळालं होतं. पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्याचं वाटलं, पाठीवरची ओझ्याची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसं. दुसरं कुणीतरी होतं. हा समोर बसलेला चाळिशीचा बाप्या, खांदे हलवत रडणारा. त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. नुसतं पाठीवर हात ठेवून 'जाऊ दे रे' म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. त्यांनी हात उचललाही.

"त्या दिशी हिरडा मीच दिला," लंकाबाई मध्येच म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, खाली रानाकडे बघत होती. "घरी आलं तवा तोंड उतरलेलं. आमचं म्हातारं म्हनलं, गॅस धरलाय. मी दोन हिरडं चघळाया दिलं. जरा येळानं म्हनला, उतरलं, मावशे. म्हून पावशेर बांधून दिला घरी न्यायला. आमी कशालाबी हिरडाच देतो, बाई. दुसरं काय हाय आमच्यापाशी?" तिने पदराने नाक पुसलं. "परत आला न्हाई तवा मला वाटलं, माझ्याच हातचा."

"मावशे, तुझा काय दोष?" भरत म्हणाला. "तुला काय ठावं. मला सांगितलं व्हतं त्यानं. मला येकट्याला."

एकट्याला. तो शब्द उज्ज्वलाबाईंनी ऐकला. दोन महिने त्यांनीही तोच शब्द उशाशी घेऊन रात्री काढल्या होत्या, आणि आज तो या पोराच्या हातात देऊन त्या घरी जायला निघाल्या होत्या.

उचललेला हात त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"एकट्याला नाही, भरत," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं होतं त्याने."

भरतने मान वर केली.

"नऊ सप्टेंबरला. हे टायर चढवून घरी आला त्या संध्याकाळी. डावा हात दुखतो म्हणाला. छाती भरून येते म्हणाला. अगदी याच शब्दांत. मी बाम चोळला." त्या लंकाबाईकडे वळल्या. "लंकाबाई, तुम्ही दिलेला हिरडा मी कुटला, वस्त्रगाळ केला, बरणीत भरला. मला वाटलं, माझ्या पोटासाठी आणलाय. त्या दिवसापासून रोज रात्री एक चमचा त्यालाच देत होते. चौदा दिवस. डायरीत लिहिलंय सगळं. त्याच पानावर पडवळ महाग झालं तेही लिहिलंय."

भरत आता पुरता त्यांच्याकडे वळून बसला.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. तुम्हा सगळ्यांना नाही म्हणाले. मी शिकलेली बाई. डावा हात म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कुठेतरी वाचलेलं होतं. पण त्या वेळी तो माझा मुलगा होता आणि टायर उचलून आला होता."

भरत त्यांच्याकडे बघत राहिला. उज्ज्वलाबाईंना त्याच्याकडून काही नको होतं. लंकाबाई उठली, त्यांच्या जवळ सरकून बसली, खांद्याला खांदा टेकेल इतकी. तिच्या लुगड्याला चुलीचा धूर होता.

खाली हर्षाली अजून तिथेच उभी होती. वर काय चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं. सुभाषने डोक्यावरचं लाल फडकं काढून हातात घेतलं होतं.

भरत उठला. कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. उतारावर चार पावलं गेला आणि दोन्ही हात वर करून खाली ओरडला, "हर्षाले! मगाशी लागली व्हती मला! पाठीत!"

"माहितेय!" ती खालून ओरडली. तिचा आवाज फाटला. "मला माहितेय!"

त्याने खिशातून लाल फडकं काढलं आणि डोक्यावर टाकलं.

पुन्हा खेळ झाला नाही. डबा मात्र त्यांनी खाल्ला, हिरड्याच्या सावलीत बसून, कारण अन्न टाकायचं नाही. चटणी चौघांची होती, सुदर्शनच्या वाट्याची रामनाथने खाल्ली. चिमाजी गुरं घेऊन आला, बसला, म्हणाला, "टायर ऱ्हाऊ द्यायचं का काढायचं?"

"राहू द्या," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "नंबर पुसू देऊ नका पावसाने. वरून रंग मारत जा."

निघताना रिकाम्या हाताने पाहुणा पाठवायचा नाही, ही वाडीची रीत. लंकाबाई आत गेली. उज्ज्वलाबाई दारातून बघत होत्या. फळीवर डबे होते, ओळीने. तिचा हात सवयीने हिरड्याच्या डब्याकडे गेला, झाकणावर टेकला, आणि तिथेच राहिला. मग ती वाकली, कणगीत हात घातला आणि नव्या भाताचा तांदूळ सुपात काढला. फडक्यात बांधून आणला.

"जुना न्हाय, नवा हाय," ती म्हणाली. "पाणी कमी घाला."

परतताना दिवस बुडाला. ओतूर ओलांडल्यावर पुढे उसाची एक ट्रॉली चाललेली दिसली, डगमगत, भरून वाहणारी. सुभाषने दिवे टाकले आणि ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यावर तांबडी पट्टी पेटल्यासारखी उजळली. एका टोकाला जरा तिरकी, घाईने चिकटवलेली. गेल्या सालची असावी. यंदा कुणी चिकटवल्या नव्हत्या.

"सुभाष," भरत पुढून म्हणाला, "उद्या ओतूरला जाऊन पट्टीची गुंडाळी घ्यायची हाय. आठवण कर."

हर्षालीने उज्ज्वलाबाईंच्या मांडीवरचं तांदळाचं गाठोडं आपल्याकडे घेतलं. ट्रॉली वळून गेली तरी त्या मागे वळून बघत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, स्वयंपाकघरात थोडा वेळ काढला आणि टेबलाशी बसून डायरी उघडली.

रविवार, ७ डिसेंबर २०२५. सकाळी थंडी. सुभाषच्या गाडीने मढला गेलो, भरत, हर्षाली बरोबर. रामनाथचं रान पाहिलं. टायरांवर सु.चे आकडे आहेत. सु.ने भरतला १० ऑगस्टला सांगितलं होतं, मला ९ सप्टेंबरला. मी आज ते सांगितलं. लंकाबाईंनी नवा तांदूळ दिला, दोन किलो भरेल. बाळहिरड्याची बरणी रिकामी केली, दोनदा धुतली, ओट्यावर पालथी घातली.